पार्श्वभूमी : आईच्या फोटोखाली काय लिहायचं?

गेल्या महिन्यात गावाहून सरपंचांचा फोन आला. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, अंगणवाडीच्या भिंतीवर तिचा फोटो लावायचं ग्रामपंचायतीनं ठरवलंय, एवढं सांगून ते मुद्द्यावर आले. "ताई, तुम्ही सांगलीला छापखान्यात. शब्द तपासायचं तुमचं कामच हाय. फोटोखाली काय लिवायचं त्यावरनं इथं आमची भांडणं लागल्यात."

भांडण ऐकण्यासारखं होतं. ग्रामसेवकांचं म्हणणं, शासनाच्या कागदावर जे पद आहे तेच लिहा : अंगणवाडी सेविका. निवृत्त हेडमास्तरांना 'सेविका' खटकलं, त्यांना 'बालशिक्षिका' हवं. तरुण मंडळानं तर फ्लेक्सचा मजकूर तयारच ठेवला होता. 'गावाची माऊली, मातोश्री', मागं उगवता सूर्य, आणि कडेला मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो, आईच्या फोटोपेक्षा जरासा मोठा. मी म्हटलं, दोन पानं पार्श्वभूमी लिहून देते, मग ठरवा. दोनाची बरीच जास्त झाली.

आई मूळची आटपाडीकडची. सातवी पास. लग्न होऊन वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या आमच्या गावात आली. 1976 पासून महिला मंडळाची बालवाडी, पुढं सरकारी योजना आली तशी अंगणवाडी, आणि 2019 साली पासष्टाव्या वर्षी निवृत्त. तिनं शिकवलेल्यांची मुलंही तिच्याच हाताखालून गेली, काहींची तर नातवंडंसुद्धा. गावात तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. लहानथोर सगळे 'बाई' म्हणायचे, आमच्या आजीसकट. आजी रागावली की "तुमच्या बाईंना सांगा, चुलीवर दूध उतू गेलंय" असं माझ्याकरवी सांगायची.

तर बाई आणि आई. लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईला आई म्हणायची आपल्याकडची चाल जुनी आहे. ती कुठून आली, त्यातून काय मिळालं आणि काय गेलं, हे जरा मागं जाऊन बघावं लागतं.

आधी एक खुलासा. आमचं गाव 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं. त्या वर्षी जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली सांगली, मिरज, जतसारखी संस्थानं एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा झाला. 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे साताऱ्याचं सांगताना मी परक्यांचं सांगत नाही.

खंडाळा तालुक्यातल्या नायगावला 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. 1848 ची भिडेवाड्यातली शाळा, अंगावर शेण झेलत शाळेत जाणं आणि तिथं पोचल्यावर लुगडं बदलणं, हे आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. दर 3 जानेवारीला आईच्या अंगणवाडीत एखादी चिमुरडी नऊवारी नेसून हेच सांगायची, निम्म्यात विसरायची आणि रडायची. मला इथं सावित्रीबाईंचं दुसरं काम आठवतं, जे भाषणात सहसा येत नाही. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेनं तिथं येऊन बाळंत व्हावं, मूल नेता आलं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं, अशी ती सोय. मागं राहिलेली मुलं म्हणजे दोन-चार दिवसांची, दोन-चार महिन्यांची. त्यांना दूध, दुपटी, रात्रीची जागरणं सगळं आलं. 1874 मध्ये तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला, त्याचं नाव यशवंत. तो पुढं डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोगी आणता आणता सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि 10 मार्चला त्या गेल्या. शिक्षिका आणि आई या दोन्ही भूमिका एकाच बाईच्या अंगावर पडण्याचं आपल्याकडचं पहिलं मोठं उदाहरण हेच म्हणायला हवं. आणि त्यांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः निवडलेलं होतं, हेही खरं.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. भाऊराव पाटलांनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात, एका पंगतीत. 1927 साली गांधीजी आले आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. अण्णा वर्गणीसाठी, पोरं गोळा करण्यासाठी गावोगाव फिरत, आणि घरात राहत त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. पंगतीला रोज किती ताटं हे त्यांनी बघायचं. धान्य संपलं की एकेक दागिना मोडायचा. शेवटी मंगळसूत्रही त्यांनी पोरांच्या जेवणासाठी काढून दिलं. 1930 साली त्या वारल्या.

ही गोष्ट आमच्याकडं शाळेत इतक्यांदा सांगितली जाते, की तिच्यातला आकडा कुणी मांडत नाही. मंगळसूत्र मोडून किती दिवसांचं धान्य येतं? दुसऱ्या आठवड्यात काय केलं असेल? लक्ष्मीबाईंना पगार असण्याचा प्रश्नच नव्हता, त्या घरच्याच. रयतेची आई म्हणून त्यांचा मान आहे आणि तो असायलाच हवा. पण एखाद्या संस्थेचं स्वयंपाकघर घरच्या बाईच्या अंगावरच्या सोन्यावर चालतं, हे आपण कौतुकानं सांगतो तेव्हा पुढच्या बायकांसाठी एक मापही ठरवून ठेवतो. पुढं रयतनं साताऱ्यात शिक्षिका घडवण्यासाठी अध्यापिका विद्यालय काढलं, त्याचं नाव जिजामाता. शिकवणारी बाई म्हटलं की नावातही माता यायचीच.

हे आपलंच आहे असंही नाही. भावनगरला गिजुभाई बधेका हे वकिली सोडून मुलांत रमले, 1920 साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, गोष्टी, नाटकं, मातीकाम, बाग. लोकांनी त्यांना नाव दिलं 'मूछाळी मा', मिशीवाली आई. पुरुष असून पोरांना मायेनं शिकवतो म्हटल्यावर त्याला बाप म्हणावंसं कुणाला वाटलं नाही.

ज्यांच्या पद्धतीवर गिजुभाई फिदा होते त्या मारिया मॉन्टेसरींची गोष्ट याहून चमत्कारिक. 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी 'मुलांचं घर' उघडलं आणि जगभरच्या पोरांना खाली बसून, हातानं वस्तू हाताळून शिकायची मुभा मिळाली. त्यांचा स्वतःचा मुलगा मारिओ मात्र लग्नाबाहेर जन्मलेला, म्हणून खेड्यात दुसऱ्यांच्या घरी वाढला. तो आईकडं राहायला आला तेव्हा किशोरवयात होता. 1939 मध्ये दोघं भारतात आले, मद्रासला अड्यारला. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि मारिओला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून अटक झाली. त्याला ठेवलं होतं आपल्या अहमदनगरच्या छावणीत. मॉन्टेसरींच्या सत्तराव्या वाढदिवशी, 31 ऑगस्ट 1940 ला, सरकारनं त्याला सोडलं. आयुष्यभर पुतण्या, दत्तक मुलगा असं काहीबाही सांगून झाकलेलं नातं सरकारी तारेत 'मुलगा' म्हणून आलं. मला हे वाचल्यापासून आईचा एक नियम आठवत राहतो, तो पुढं सांगते.

महाराष्ट्रात ही सगळी विद्या आणली ताराबाई मोडकांनी. जन्म 1892, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. पदरी लहान मुलगी घेऊन राजकोटला नोकरी, मग 1923 मध्ये गिजुभाईंकडं भावनगर. 1926 साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथपर्यंत हे सगळं शहरातल्या, पांढरपेशांच्या मुलांचं होतं. मॉन्टेसरीचं लाकडी साहित्य महाग, मुलं इस्त्रीच्या कपड्यातली.

1945 साली ताराबाई डहाणूकडं बोर्डीला गेल्या. सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं आणि वर्षाच्या आतच त्या विधवा झालेल्या. पुण्यात हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत शिकवत होत्या, ते सोडून बोर्डीला. दोघींनी तिथं गावातल्या मुलांसाठी बालवाडी उघडली. लाकडी ठोकळ्यांऐवजी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे. अक्षरं शिकवायच्या आधी केस विंचरायचे, नखं कापायची, आंघोळ घालायची. 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांत. तिथं वेगळीच अडचण. मुलं बालवाडीत येईनात. गुरं राखायला जायची किंवा घरी धाकट्यांना सांभाळत बसायची. आईबाप मजुरीला गेल्यावर सहा वर्षांची पोरगीच दीड वर्षाच्या भावाची आई.

यावर दोघींनी जे केलं ते मला अजूनही बालशिक्षणातलं सगळ्यात हुशार काम वाटतं. मुलं येत नाहीत तर बाईनं पाड्यावर जायचं, कुणाच्याही अंगणात बसायचं, जमतील तेवढ्या पोरांना गोळा करायचं. अशा बालवाडीला ताराबाईंनी नाव दिलं अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणशाळा. आणि धाकट्यांना सांभाळणाऱ्या पोरींसाठी विकासवाडी : एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. कडेवरचं पोर पाळणाघरात ठेवायचं, मधलं बालवाडीत, आणि थोरलीनं शाळेत बसायचं. थोरलीला शिकवायचं असेल तर आधी तिच्या कडेवरचं ओझं उतरवा, हे तिथं आधी ध्यानात आलं. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री.

आमच्या भागातही कडेवरची पोरं कमी नव्हती. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं गाळायला देशभर जाऊन राहतात, माण-खटावचे, जावळी-पाटणचे लोक मुंबईला माथाडी नाहीतर गिरणीत असायचे. गावात आजी आणि नातवंडं. ऊसपट्ट्यात उलटं. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात, पहाटे आईबाप कोयते घेऊन जातात आणि कोपीत राहतात ती पोरं, पोरांना सांभाळणारी पोरं. आईच्या हजेरीवर नोव्हेंबर ते मार्च पाच-सहा नावं पेन्सिलीनं लिहिलेली असत. "त्यास्नी शाईनं लिवलं तर सायेब इचारतो, एप्रिलात कुठं गेली?" असं तिचं उत्तर.

स्वातंत्र्यानंतर बालवाड्या गावोगाव पोचल्या त्या दोन-तीन वाटांनी. कस्तुरबांच्या नावानं निघालेल्या निधीतून ग्रामसेविका तयार झाल्या, 1953 साली दुर्गाबाई देशमुखांच्या पुढाकारानं केंद्रीय समाजकल्याण बोर्ड आलं आणि महिला मंडळांना अनुदानं मिळू लागली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा झाल्या. आमच्या गावची बालवाडी म्हणजे मारुतीच्या देवळाची ओवरी, एक फळा, एक घंटा आणि महिला मंडळाच्या कपाटातल्या दोन बाहुल्या. बाहुल्या मुलांच्या हातात द्यायच्या नसत, फुटतील म्हणून. आईनं पहिल्याच आठवड्यात त्या बाहेर काढल्या आणि पहिल्याच महिन्यात एकीचा हात तुटला. त्यावर मंडळाची बैठक झाली म्हणतात.

1972 चा दुष्काळ मात्र आईनं वाचलेला नव्हता, खाल्लेला होता. तेव्हा ती अठरा वर्षांची, माहेरीच. आटपाडीला दुष्काळी कामावर खडी फोडायला आजोबांबरोबर जायची. कामावर सुकडी मिळायची. गव्हाचं पीठ, शेंगदाणे, गूळ असं काहीसं मिश्रण, तपकिरी वड्या नाहीतर नुसता चुरा. शिवाय अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. बायका झाडाला लुगड्याची झोळी बांधून त्यात पोर टाकायच्या आणि उन्हात खडी फोडायच्या. त्या झोळ्यांकडं लक्ष ठेवायचं काम मुकादमानं आईला दिलं, कारण तिला वाचता येत होतं. वाचण्याचा आणि झोळीचा संबंध काय, हे तिलाही तेव्हा कळलं नव्हतं. "दोन डझन पोरं, एक मी, आणि हातात सुकडीचा डबा. म्हणजे माझी अंगणवाडी योजनेच्या आधीचीच," असं ती हसत सांगायची.

योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 ला. आदल्या वर्षी सरकारनं राष्ट्रीय बालधोरण जाहीर केलं होतं. एकात्मिक बालविकास सेवा योजना, सुरुवात देशभरात 33 प्रकल्पांनी. ताराबाईंचा अंगणवाडी हा शब्द सरकारनं उचलला. शब्द उचलताना अंगण गळालं आणि सहा सेवा आल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणं), पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. या यादीत शिक्षण सहातलं एक. आईच्या दिवसात ते कधी अर्धा तास, कधी पाऊण. बाकीचा वेळ डाळ निवडणं, गरोदर बायकांच्या भेटी, डोसाचा दिवस, आणि रजिस्टरं.

सगळ्यात मोठा सोहळा वजनाचा. देवळाच्या तुळईला साल्टर काटा टांगायचा. गोल तबकडी, खाली आकडा, त्यात चड्डीसारखी कापडी झोळी. त्यात पोर घातलं की ते आधी आश्चर्यानं गप्प होतं, मग पाय झाडायला लागतं आणि काटा नाचतो. आई एका हातानं पोराची टाच हळूच धरायची, तोंडानं "चिऊ आली, चिऊ गेली", आणि डोळे तबकडीवर. पोर क्षणभर स्थिर झालं की आकडा मोठ्यानं म्हणायची. शेजारी मदतनीस मावशी उभ्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण आकडा पाठ करून त्या शेवटच्या पोरापर्यंत सगळी वजनं ध्यानात ठेवायच्या. मग आई वाढीच्या तक्त्यावर टिंब द्यायची. तक्त्यावर पट्टे होते, टिंब ज्या पट्ट्यात पडेल ती मुलाची श्रेणी. पहिली, दुसरी बरी. तिसरी-चौथी आली की आई त्या दिवशी जेवताना बोलत नसे.

आता तो नियम. मी तिच्याच वर्गात होते. दारातून आत आलं की तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. घरी गेल्यावर आई. एकदा पडले, गुडघा फुटला आणि मी "आई गं" म्हणून ओरडले. तिनं बघितलं, उठली नाही. मावशी उठल्या. दुपारी घरी तिनं गुडघ्याला हळद लावली आणि सांगितलं, "तिथं बावीस जणांच्या आया नव्हत्या. एकटीचीच असणं बरं दिसत नाही." मला तेव्हा ते अजिबात पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजही अर्धंच पटतं. सुकडी वाटतानाही माझी वाटी शेवटची. डब्याच्या तळाशी उरेल तो चुरा माझा, कधी उरायचाच नाही. गावात कुणी म्हणायला नको की बाई आपल्या पोरीला जास्त घालते.

आता पगाराचं. चुकले, मानधनाचं. योजना सुरू झाली तेव्हा मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना 100 रुपये होते, मॅट्रिक झालेलीला 150, आणि मदतनीसला 35. हा पगार नव्हे, असं तेव्हापासून कागदावर स्पष्ट आहे. सेविका ही स्वयंसेवक, समाजासाठी थोडा वेळ देणारी गावातलीच बाई, अशी मूळ कल्पना. म्हणून पद 'सेविका' आणि मिळतं ते 'मानधन'. मराठीत मानधन शब्द छान आहे. व्याख्यात्याला देतात, कीर्तनकाराला देतात. एका संध्याकाळचं. तोच शब्द रोज पाच-सहा तासांच्या, चाळीस वर्षांच्या कामाला लावला की काय होतं हे आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीतल्या हिशेबाच्या वहीत दिसतं. 1 ऑक्टोबर 2018 पासून केंद्रानं आपला वाटा महिना 3000 वरून 4500 केला तेव्हा आई निवृत्तीला आली होती. राज्याची भर वेगळी. तरीही ऊसतोडीला जाणारी बाई एका हंगामात जास्त मिळवते, असं तीच मला एकदा बोलून गेली. तक्रारीच्या सुरात नाही, गणिताच्या.

इथं मला 'मातोश्री' शब्दाची भीती वाटते. आईला पगार कोण देतं? आई म्हटलं की प्रश्न मिटला. सावित्रीबाईंनी निवडलं, लक्ष्मीबाईंनी निभावलं, त्यांची थोरवी खरी. पण त्यांच्याकडं बोट दाखवून देशभरच्या तेरा-चौदा लाख बायकांना वर्षानुवर्षं मानावर ठेवलं गेलं, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सांगितलं की अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत. मग 25 एप्रिल 2022 ला, गुजरातच्या मणिबेन भारियांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयानं सांगितलं की त्यांना 1972 च्या उपदान कायद्यानं ग्रॅच्युइटी मिळायला हवी. मानधन म्हणा, काही म्हणा, हे काम आहे आणि ही मजुरी आहे, असा त्या निकालाचा सरळ अर्थ. तो निकाल आला तेव्हा आई निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली होती. तिची निवृत्तीची एकरकमी रक्कमच तोवर आली नव्हती. एका कार्यालयात तिनं त्यासाठी घातलेले खेटे मी मोजायचे सोडून दिले होते. दर वेळी ती तिथल्या बाबूला वाकून नमस्कार करायची आणि तोही उठून उभा राहायचा, कारण तो तिच्याच हाताखालचा. "बसा बाई," म्हणायचा, आणि फाइल पुढच्या आठवड्यात बघू म्हणायचा.

शेवटची वर्षं फोनची. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा तिच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. अंगणवाडीत छातीभर पाणी. मावशींनी आदल्या रात्रीच रजिस्टरांचा गठ्ठा जुन्या लुगड्यात बांधून कुणाच्या तरी माडीवर नेऊन टाकला. पाणी ओसरल्यावर भिजलेले तक्ते दोघींनी गोधडीसारखे उन्हात पसरले. तिच्यानंतर आलेल्या सेविकेला हे सगळं मोबाइलवर भरावं लागतं. सुरुवातीला त्यातल्या सरकारी अ‍ॅपमध्ये मराठी चालत नव्हतं, राज्यभर सेविकांनी आंदोलनं केली, 2021 मध्ये फोन परतही केले. ती नवी सेविका बी.ए. झालेली आहे आणि मुलं तिलाही बाईच म्हणतात. मॅडम म्हणा असं तिनं दोन महिने सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

मधल्या काळात कायद्यातही हालचाल झाली. राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमात 2002 मध्ये बदल होऊन सहा वर्षांखालच्या मुलांची काळजी आणि शिक्षण आलं, पण प्रयत्न करावा एवढ्याच भाषेत. हक्क सहाव्या वर्षापासून पुढं. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पहिला टप्पा धरला, म्हणजे अंगणवाडी प्रथमच शाळेच्या रांगेत उभी राहिली. हेडमास्तरांचा 'बालशिक्षिका' शब्द आता कागदालाही मंजूर होण्यासारखा आहे.

पाटी कशी असावी याचं एक चांगलं उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. फलटणला कमला निंबकर बालभवन आहे. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्न करून इथं आलेल्या कमलाताईंनी भारतात व्यवसायोपचार आणला. त्यांच्या नावानं ही शाळा काढली ती मॅक्सीन बर्नसन यांनी. त्याही अमेरिकेच्या, भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. नावाच्या मागंपुढं मातोश्री नाही, माऊली नाही. नाव आणि काम.

सरपंचांना मी तसंच कळवलं : पूर्ण नाव, त्याखाली 'बालशिक्षिका', त्याखाली 1976 ते 2019. आणि शेजारी मावशींचंही नाव, त्या हयात आहेत तोवरच. सुरुवातीच्या मानधनाचा आकडाही घालू म्हटलं. ते म्हणाले, "ताई, पाटीवर तेवढी जागा न्हाई." तरुण मंडळाचा फ्लेक्स तरीही लागणार आहे, हे मी गृहीत धरलंय.

परवा कार्यक्रमाचं बोलायला गावी गेले तेव्हा मावशींनी माडीवरचा तो लुगड्यातला गठ्ठा माझ्या हवाली केला. पानं दमटपणानं फुगलेली, कडा तपकिरी. वर्षवार लावता लावता 1984 चं वजनाचं रजिस्टर हाती आलं. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, वजन, श्रेणी, शेरा. सतराव्या ओळीत मी. आईचं नाव या रकान्यात तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलंय, वडलांच्या आडनावासकट, जसं परक्या बाईचं लिहावं. वजन 11 किलो 200 ग्रॅम. श्रेणी 1. आणि शेऱ्यात, वरच्या दोन कमी वजनाच्या पोरांपुढं लिहिलंय तेच, त्याच वळणदार अक्षरात : 'आई दिवसभर कामावर असते. आईस समज दिली.'